विश्लेषण : कर्करोग फुप्फुसाबाहेर पसरला आहे का, हे ऑपरेशन टेबलवर कसे कळते? डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांच्या आयुष्यातून एक शोध

फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया सुरू असताना सर्जन मध्येच थांबतात. वाटाण्याएवढ्या काही गाठी डबीत घालून पॅथॉलॉजी विभागाकडे धाडल्या जातात. बाहेर बसलेल्या नातेवाईकांना वाटते, एवढा वेळ का लागतोय? आत मात्र सगळे एका फोनची वाट पाहत असतात. त्या गाठींत कर्करोगाच्या पेशी आहेत की नाहीत, यावर फुप्फुसाचा किती भाग काढायचा आणि पुढे कोणते उपचार द्यायचे हे ठरते. नव्वद वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका अमेरिकी सर्जनपुढे उभा राहिला, तेव्हा असा फोन येण्याची सोय नव्हती. त्यांचे नाव डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी अख्खे फुप्फुस एकाच वेळी काढून रुग्णाला वाचवणारे ते पहिले सर्जन. हा आजार आणि सिगारेट यांचे नाते आकड्यांत मांडणाऱ्यांतही ते होते, आणि अखेर याच आजाराने त्यांना गाठले.

५ एप्रिल १९३३ रोजी काय घडले?

अमेरिकेतील सेंट लुईस शहरातले बार्न्स हॉस्पिटल. टेबलवर ४८ वर्षांचा रुग्ण होता आणि तो स्वतः डॉक्टर होता, पिट्सबर्गचा प्रसूतितज्ज्ञ. काही महिने खोकला, ताप, छातीत दुखणे असा त्रास होता. श्वासनलिकेत दुर्बीण घालून तुकडा काढला, तेव्हा कर्करोग निघाला. गाठ डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, श्वासनलिकेच्या फाट्याजवळ होती.

शस्त्रक्रियेआधी हा रुग्ण काही दिवस घरी जाऊन आला होता. परतल्यावर कळले, की त्याने दातांची राहिलेली कामे करून घेतली आहेत. माणसाला जगण्याची आशा असल्याचे हे लक्षण मानून ग्रॅहम यांना बरे वाटले. त्याच सुट्टीत त्याने दफनभूमीत स्वतःसाठी जागाही विकत घेतली होती, हे मात्र त्याने तेव्हा सांगितले नाही.

बेत होता फुप्फुसाचा वरचा खंड काढण्याचा. डाव्या फुप्फुसाचे दोन आणि उजव्याचे तीन खंड असतात. त्यातला एक काढणे त्या काळीही काही सर्जन करत असत, जरी मृत्यूचे प्रमाण मोठे होते. पण छाती उघडल्यावर हिशेब चुकला. गाठ मुख्य फाट्याच्या इतकी जवळ होती, की खालचा खंड राखून ती काढता येईना. शिवाय खालच्या खंडातही काही कठीण गाठी हाताला लागल्या. त्या कर्करोगाच्या होत्या की नुसत्या सुजेच्या? बोटांनी ते सांगता येत नव्हते.

हाच तो प्रश्न. आज त्याचे उत्तर शोधायला नकाशे, सूक्ष्मदर्शक, स्कॅन आणि चकाकणारी रसायने आहेत. ग्रॅहम यांच्याकडे त्या क्षणी मुख्यतः डोळे, बोटे आणि प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांचा अनुभव होता.

त्यांनी अख्खे डावे फुप्फुस काढायचे ठरवले. रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत होता, त्यामुळे त्याला विचारणे शक्य नव्हते. शस्त्रक्रिया पाहायला त्याचा एक डॉक्टर मित्र तिथे हजर होता. त्याच्याशी बोलून ग्रॅहम पुढे सरकले. फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका जिथे एकत्र येतात, तो देठ त्यांनी आधी तात्पुरता आवळला आणि थांबून पाहिले. नाडी, रक्तदाब यांत फारसा बदल झाला नाही, तेव्हा तो बांधून फुप्फुस कापून काढले. उरलेल्या खुंटात रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या बारीक नळ्या खोचल्या. मागे काही पेशी राहिल्या असतील तर त्या जळाव्यात, हा हेतू. छातीतली पोकळी मोकळी राहू नये म्हणून सात बरगड्यांचे भाग काढून छातीची भिंत आत बसवली.

हे वाचताना अंगावर काटा येतो. पण रेडॉनच्या नळ्यांकडे जरा थांबून पाहावे असे आहे. आपण सगळा आजार काढला, अशी ग्रॅहम यांना खात्री नव्हती, याचीच ती कबुली होती. रुग्णाला अडीच महिने रुग्णालयात राहावे लागले, गुंतागुंत झाली, पण तो वाचला आणि आपल्या व्यवसायात परतला.

ग्रॅहम कोण होते?

त्यांचा जन्म १९ मार्च १८८३ रोजी शिकागोत झाला. वडील सर्जन. प्रिन्स्टनमधून १९०४ मध्ये पदवी आणि १९०७ मध्ये शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय शिक्षण, असा सरळ रस्ता होता. पण त्यांना फक्त चाकू चालवायचा नव्हता. शरीरात काय घडते हे रसायनशास्त्रातून समजून घ्यावे, म्हणून त्यांनी शिकागो विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास केला. तिथेच भेटलेल्या रसायनशास्त्रज्ञ हेलन ट्रेडवे यांच्याशी १९१६ मध्ये त्यांचा विवाह झाला. हेलन पुढे औषधशास्त्राच्या नावाजलेल्या संशोधक झाल्या.

त्याआधी ते आयोवा राज्यातल्या मेसन सिटी या लहान गावात प्रॅक्टिस करायला गेले. तिथे त्यांना आपल्याकडे ज्याला कट प्रॅक्टिस म्हणतात, ती भेटली. रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला सर्जनने आपल्या फीमधला वाटा द्यायचा. ग्रॅहम यांनी ते मान्य केले नाही आणि या प्रथेविरुद्ध ते पुढे आयुष्यभर बोलत राहिले. सर्जनची पात्रता तपासणारे अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी १९३७ मध्ये उभे राहिले, त्यात त्यांचा पुढाकार होता, आणि त्याचे पहिले अध्यक्षही तेच.

त्यांचे नाव झाले ते पहिल्या महायुद्धात. १९१८ मध्ये लष्करी छावण्यांत न्यूमोनियाची साथ होती आणि अनेक जवानांच्या छातीत, फुप्फुस आणि बरगड्यांच्या मध्ये, पू साठत होता. त्या वेळची रीत अशी, की पू दिसला की लगेच बरगडी कापून छाती उघडी करायची. रुग्ण मरत होते; मृत्यूचे सरासरी प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते. लष्कराने नेमलेल्या समितीत ग्रॅहम होते. त्यांनी प्रयोग करून दाखवले, की आजाराच्या सुरुवातीला पू पातळ असतो आणि फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले नसते. अशा वेळी छाती उघडली की बाहेरची हवा आत घुसते, फुप्फुस मिटते, छातीचा मधला भागही सरकतो आणि आधीच धापा टाकणारा रुग्ण गुदमरतो. म्हणून आधी सुईने पू काढत राहावे आणि पू घट्ट झाल्यावरच छाती उघडावी. ही पद्धत आल्यावर छावण्यांतले मृत्यू झपाट्याने घटले.

छातीतल्या हवेच्या दाबाचे हे गणित ज्याला कळले, त्यालाच पंधरा वर्षांनी एक फुप्फुस काढून माणूस जगेल असे वाटण्याचे धाडस झाले. १९१९ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने त्यांना शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख केले. त्या जागेवर ते १९५१ पर्यंत होते.

उपाशी राहिलेल्या कुत्र्याची गोष्ट

फुप्फुसाशी थेट संबंध नसलेली, पण आपल्या विषयाला लागून असलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. साध्या एक्स-रेमध्ये पित्ताशय दिसत नाही. ग्रॅहम यांनी विचार केला, की यकृत जे रसायन पित्तात सोडते, त्याला एक्स-रे अडवणारा जड अणू जोडला तर? पित्ताशयात ते साठेल आणि त्याची सावली दिसेल. सहकारी वॉरन कोल यांच्यासह १९२३ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग सुरू झाले. एकामागून एक प्रयोग फसत गेले. मग एका दिवशी एका कुत्र्याच्या फोटोत पित्ताशय स्पष्ट दिसले. चौकशी केली तेव्हा कळले, की कुत्र्यांची देखभाल करणारा माणूस त्या दिवशी त्याला खायला घालायला विसरला होता. बाकी कुत्र्यांचे पित्ताशय जेवणानंतर रिकामे होत होते. या विसराळूपणातून पित्ताशयाची तपासणी उभी राहिली आणि सोनोग्राफी येईपर्यंत अनेक दशके जगभर वापरात राहिली. पित्ताशयाच्या तपासणीला उपाशी पोटी या, असे आजही सांगतात, त्यामागेही हेच कारण.

न दिसणारी जागा, तिथेच जाऊन साठेल असे रसायन देऊन दाखवायची. हे तत्त्व लक्षात ठेवा. खाली ते पुन्हा येणार आहे.

लसिकाग्रंथींना इतके महत्त्व का?

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने लसिकावाहिन्यांचे जाळे असते. पेशींभोवती साठणारा पातळ द्रव, म्हणजे लसिका, त्यातून वाहतो. वाटेत जागोजागी चौक्या असतात, त्या लसिकाग्रंथी. घसा बसल्यावर जबड्याखाली ज्या गाठी हाताला लागतात, त्या याच. फुप्फुसातली कर्करोगाची पेशी मूळ गाठीपासून सुटली की बऱ्याचदा आधी अशा चौकीत अडकते आणि तिथे वाढू लागते.

म्हणून फैलाव किती, हे डॉक्टर या चौक्यांवरून मोजतात. एकाही ग्रंथीत आजार नसेल तर त्याला एन-शून्य म्हणतात. त्याच बाजूच्या फुप्फुसाच्या आत किंवा देठापाशी असेल तर एन-१. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत, त्याच बाजूला किंवा श्वासनलिकेच्या दुभाजकाखाली पोहोचला असेल तर एन-२. पलीकडच्या बाजूला किंवा गळपट्टीच्या हाडावर गेला तर एन-३. एन-३ असेल तर सहसा शस्त्रक्रिया केली जात नाही. एन-२ आधीच कळले तर अनेकदा आधी औषधे देऊन, आजार आवरला तर मग शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. मूळ गाठ दोन सेंटिमीटरची का असेना, या आकड्यावर रुग्णाचे भवितव्य हलते.

अडचण अशी, की ग्रंथीचा आकार फसवतो. मोठी ग्रंथी जंतुसंसर्गाने सुजलेली असू शकते आणि अगदी लहान, मऊ ग्रंथीत कर्करोग असू शकतो. सीटी स्कॅनमध्ये एक सेंटिमीटरपेक्षा जाड ग्रंथी संशयित धरतात. हा फक्त अंदाज. पेट स्कॅन पेशींची साखर खाण्याची भूक दाखवतो. पण क्षयरोगाने सुजलेली ग्रंथीही तितकीच भुकेली असते. भारतात क्षयाचे रुग्ण इतके, की पेट स्कॅनवर चकाकलेली ग्रंथी म्हणजे फैलाव, असे मानून कुणाला शस्त्रक्रिया नाकारणे हा अन्याय ठरू शकतो. तुकडा तपासल्याशिवाय खात्री नाही.

ग्रॅहम यांच्या शस्त्रक्रियेनंतर काय बदलले?

ग्रॅहम यांनी फुप्फुसाचा देठ एकगठ्ठा बांधला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम रिनहॉफ यांनी प्रत्येक रक्तवाहिनी आणि श्वासनलिका वेगळी सोडवून बांधली. हळूहळू तीच पद्धत रूढ झाली. तिचा एक फायदा असा, की देठ उलगडून पाहिला की त्यातल्या ग्रंथीही दिसतात आणि काढता येतात. न्यूयॉर्कचे विल्यम केहन यांनी १९५१ मध्ये फुप्फुसाबरोबर मधल्या जागेतल्या ग्रंथीही पद्धतशीर काढण्याची शस्त्रक्रिया मांडली आणि १९६० मध्ये एका खंडापुरती तशीच शस्त्रक्रिया. अख्खे फुप्फुस काढण्याची गरज त्यानंतर कमी होत गेली.

छाती न उघडता ग्रंथी तपासता याव्यात, यासाठी स्वीडनचे एरिक कार्लेन्स यांनी १९५९ मध्ये गळ्याच्या खाली छोटा छेद घेऊन दुर्बीण आत सोडण्याची पद्धत आणली. या शतकात तिची जागा बऱ्याच ठिकाणी श्वासनलिकेतून जाणाऱ्या, टोकाला सोनोग्राफी बसवलेल्या दुर्बिणीने घेतली. ग्रंथी पडद्यावर पाहायची आणि सुईने तिच्यातल्या पेशी ओढून घ्यायच्या.

आणखी एक गोष्ट, फारशी चर्चेत नसलेली. ग्रंथींना पत्ता हवा होता. एका सर्जनने मधली ग्रंथी म्हटले तर दुसऱ्याने कोणती समजायची? जपानचे त्सुगुओ नारुके यांनी १९७८ मध्ये क्रमांक घातलेला नकाशा प्रसिद्ध केला. त्याच्या सुधारित रूपात आज १ ते १४ क्रमांक आहेत. १ ते ९ दोन फुप्फुसांमधल्या जागेतले आणि १० ते १४ देठापासून फुप्फुसाच्या आतले. दुभाजकाखालची ग्रंथी म्हणजे ७ क्रमांक. सर्जन ग्रंथी काढतात, परिचारिका क्रमांक लिहून वेगळ्या डबीत ठेवते. डब्यांची सरमिसळ झाली तर एन-१ चे एन-२ होऊ शकते, इतके हे काम काटेकोर.

टेबलवर रुग्ण असताना उत्तर कसे मिळते?

मुख्य साधन आजही फ्रोझन सेक्शन हेच आहे. नेहमीच्या तपासणीत तुकडा फॉर्मलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून, कापून, रंगवून पाहायला काही दिवस जातात. फ्रोझन सेक्शनमध्ये ताजा तुकडा फॉर्मलिनशिवाय आणतात, शून्याखाली सुमारे २० अंशांवर गोठवतात, गोठल्यामुळे तो पातळ कापता येतो, मग झटपट रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. वीस-पंचवीस मिनिटांत पॅथॉलॉजिस्टचा फोन येतो.

ही पद्धत रूढ झाली ती अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, १९०५ मध्ये. तिथल्या लुई विल्सन यांनी मिनेसोटाच्या कडाक्याच्या थंडीत तुकडा चक्क खिडकीबाहेर ठेवून गोठवला होता. म्हणजे ग्रॅहम यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हे तंत्र जगात होते. पण फुप्फुसाच्या आत आणि भोवती नेमके काय काढून तपासायचे, याचा नकाशाच नव्हता. तपासणीचे यंत्र असणे आणि कुठला तुकडा द्यायचा हे माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फ्रोझन सेक्शनही शंभर टक्के खरे बोलत नाही. गोठवताना पेशी थोड्या विस्कटतात. ग्रंथीचा एकच काप पाहिला आणि कर्करोगाचा ठिपका दुसऱ्या टोकाला असला तर तो सुटतो. म्हणून अंतिम अहवाल येईपर्यंत सर्जन नातेवाईकांना ठाम काही सांगायचे टाळतात, ते टाळाटाळ म्हणून नव्हे.

किती ग्रंथी काढायच्या, यावर बराच वाद झाला. प्रत्येक क्रमांकातली एखाद-दुसरी तपासावी की त्या भागातली चरबीसकट सगळी झाडून काढावी? सरसकट काढण्याला किंमत असते. आवाजाची नस दुखावली तर घोगरेपणा येतो, लसिकेची मोठी नळी फाटली तर छातीत दुधाळ पाणी साठते. अमेरिकेत हजाराहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. शस्त्रक्रियेत ठरलेल्या सगळ्या जागांच्या ग्रंथी फ्रोझन सेक्शनवर स्वच्छ निघाल्या, अशाच सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांना त्यात घेतले होते. उरलेल्या सगळ्या काढल्या काय किंवा ठेवल्या काय, त्यांच्या आयुष्यमानात फरक दिसला नाही. याचा अर्थ ग्रंथी तपासू नयेत असा अजिबात नाही. आधी नीट तपासल्या होत्या म्हणूनच तो निकाल खरा ठरला. किमान सहा जागा, त्यातल्या तीन मधल्या भागातल्या आणि त्यात ७ क्रमांक हवाच, असा दंडक अनेक तज्ज्ञ मानतात.

गेल्या काही वर्षांत या तपासणीचे वजन आणखी वाढले आहे. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी पूर्ण खंडाऐवजी त्याचा लहान भाग काढला तरी चालते, असे जपान आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये दाखवले. अमेरिकेतल्या चाचणीत रुग्णाला कोणत्या गटात घालायचे हे टेबलवरच, ग्रंथी स्वच्छ असल्याची फ्रोझन सेक्शनने खात्री झाल्यावर ठरत होते. ग्रंथीत आजार निघाला तर लहान शस्त्रक्रियेचा बेत बाजूला ठेवून सर्जन बहुधा पूर्ण खंड काढतात. ग्रॅहम यांच्या टेबलवर बेत बदलला तो अंदाजाने. आज तो पुराव्याने बदलतो.

आता पित्ताशयाची आठवण. गाठीजवळ रसायन टोचायचे, ते लसिकेबरोबर वाहत पहिल्या चौकीत साठेल, तीच आधी काढून तपासायची. स्तनाच्या कर्करोगात निळा रंग वापरून हे वर्षानुवर्षे केले जाते. फुप्फुसात मात्र ते अडले आणि कारण मजेशीर वाटले तरी खिन्न करणारे आहे. धूर आणि काजळी श्वासावाटे आत जाऊन फुप्फुसातल्या ग्रंथी आधीच काळ्या झालेल्या असतात. काळ्यावर निळा दिसणार कसा? म्हणून आता इंडोसायनिन ग्रीन हा रंग वापरून पाहिला जातो. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चकाकतो आणि खास कॅमेऱ्याला काळ्या ग्रंथीतही दिसतो. पण फुप्फुसातला कर्करोग कधीकधी जवळची चौकी ओलांडून थेट मधल्या ग्रंथीत उतरतो. त्यामुळे पहिली चौकी स्वच्छ म्हणजे सगळे स्वच्छ, असे इथे म्हणता येत नाही. ही पद्धत अजून नित्याची झालेली नाही ती यामुळेच.

रुग्णाच्या घरच्यांना एक गोष्ट करता येईल. अंतिम अहवालात किती ग्रंथी तपासल्या, कोणत्या क्रमांकाच्या आणि किती बाधित, हे लिहिलेले असते. ते वाचून डॉक्टरांना जरूर विचारावे. ग्रंथीच तपासल्या नसतील तर एन-शून्य या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

सिगारेटचा संशय त्यांना पटला का?

आधी नाही. ग्रॅहम स्वतः जबरदस्त धूम्रपान करत. १९१९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक शवविच्छेदन मुद्दाम दाखवले गेले होते, कारण असा रुग्ण पुन्हा पाहायला मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती. त्या विद्यार्थ्यांत आल्टन ऑक्सनर होते. दीड-दोन दशकांत त्यांच्याकडे असे रुग्ण रांगेने येऊ लागले आणि त्यांनी बोट सिगारेटकडे दाखवले. ग्रॅहम यांनी ते हसण्यावारी नेले. सिगारेटचा खप वाढला तसा नायलॉनच्या पायमोज्यांचाही वाढला, असा त्यांचा टोला होता. त्यांची दुसरी शंका अधिक नेमकी होती. धूर तर दोन्ही फुप्फुसांत सारखाच जातो, मग कर्करोग एकाच बाजूला का?

त्यांच्याच विद्यापीठातला अर्न्स्ट वाइंडर हा वैद्यकीय विद्यार्थी १९४८ च्या सुमारास त्यांच्याकडे आला. कर्करोगाने गेलेल्या एका अट्टल धूम्रपान करणाऱ्याचे शवविच्छेदन त्याने पाहिले होते आणि रुग्णांच्या सवयींची पद्धतशीर नोंद घ्यायची त्याची इच्छा होती. ग्रॅहम यांचा विश्वास नव्हता, तरी त्यांनी परवानगी दिली, आपले रुग्ण दिले, नाव दिले. त्यांच्या स्वभावातला हा भाग मला सगळ्यांत मोठा वाटतो. स्वतःची सवय आणि स्वतःचे मत, दोन्ही ज्याने खोटे पडणार होते, त्या कामाला त्यांनी अडवले नाही.

मे १९५० मध्ये ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६०५ पुरुषांपैकी ९६.५ टक्के अनेक वर्षे बऱ्यापैकी ते अतोनात धूम्रपान करणारे होते. रुग्णालयातल्या इतर पुरुषांत हे प्रमाण ७३.७ टक्के होते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा अभ्यासही तेच सांगत आला. ग्रॅहम यांनी सिगारेट सोडली.

आकडेवारी म्हणजे पुरावा नव्हे, असा आक्षेप आला. तेव्हा ग्रॅहम, वाइंडर आणि अॅडेल क्रोनिंजर यांनी यंत्राने सिगारेटी ओढवून त्यांच्या धुराचे डांबर गोळा केले आणि ते उंदरांच्या पाठीवर लावत राहिले. डिसेंबर १९५३ मध्ये निष्कर्ष आले: ४४ टक्के उंदरांना त्वचेचा कर्करोग झाला होता. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या बड्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एकत्र जमले. जानेवारी १९५४ मध्ये देशभरातल्या वृत्तपत्रांत त्यांची पानभर जाहिरात आली. त्यात संशोधनावर शंका होती आणि लोकांच्या आरोग्याची काळजी असल्याचा दावाही.

१९५७ च्या सुरुवातीला काय झाले?

ग्रॅहम यांना फ्लूसारखा त्रास झाला आणि तो लवकर जाईना. एक्स-रे काढला तेव्हा आजार दोन्ही फुप्फुसांत दिसला. एकाच बाजूला का, असे विचारणाऱ्या सर्जनच्या छातीत तो दोन्ही बाजूंना होता. कोणती ग्रंथी काढायची, कुठवर कापायचे, हा प्रश्न उरलाच नाही. नायट्रोजन मस्टर्ड हे त्या काळचे औषध देण्यात आले, त्याचा उपयोग झाला नाही. मृत्यूच्या दोन आठवडे आधी त्यांनी ऑक्सनर यांना पत्र लिहून आपल्या आजाराची बातमी कळवली. सिगारेट सोडून पाच वर्षांहून अधिक काळ झाला होता, पण त्याआधी सुमारे पन्नास वर्षे ती सुरू होती, हे त्यांनी त्यात नमूद केले.

४ मार्च १९५७ रोजी बार्न्स हॉस्पिटलमध्येच त्यांचे निधन झाले. चौऱ्याहत्तरावा वाढदिवस पंधरा दिवसांवर आला होता. हेलन ग्रॅहम यांनी आपले संशोधन पुढे चालू ठेवले. आणि पिट्सबर्गचा तो प्रसूतितज्ज्ञ, ज्याने १९३३ मध्ये स्वतःसाठी दफनभूमीत जागा घेऊन ठेवली होती, तो १९६३ पर्यंत जगला.